क्रिस्तपुराणांतील पाप, न्याय आणि तारण

फादर टॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचा उल्लेख मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत बहुधा दोन कारणांनीं होतो. एक, परदेशस्थानें मराठी भाषेची त्यांत केलेली स्तुति. व दुसरें, त्या काळच्या भाषेचा नमुना म्हणून त्याचें मोल. हीं दोन्ही कारणें योग्यच आहेत. पण ज्या ग्रंथांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत, तो ग्रंथकर्त्यानें भाषेच्या कौतुकासाठीं रचला नाहीं. मनुष्यानें पाप केलें, त्या पापाचा ईश्वर न्याय करणार आहे, आणि त्या न्यायांतून मनुष्यास ईश्वरच तारतो, हें त्यास सांगावयाचें होतें. हा सिद्धान्त मराठींत सांगतांना भाषेनें ग्रंथकाराला काय दिलें, काय नाकारलें, आणि ऐकणाऱ्याच्या मनांत कोणता प्रश्न शिल्लक ठेवला, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पाठाविषयीं. हें पुराण इ. स. १६१६ त साष्टी प्रांतांतील राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ या सालीं त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. या तीनहि आवृत्त्यांची एकहि प्रत उपलब्ध असल्याचें ठाऊक नाहीं. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत जपलेल्या पोथ्यांच्या आधारें जोसेफ साल्ढाना यांनीं १९०७ त रोमन लिपींत ग्रंथ प्रसिद्ध केला. लंडन येथें मार्सडेन संग्रहांत या पुराणाची देवनागरी पोथी आहे. पुढें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ त पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली, व १९९६ त कारिदाद द्राग यांची आवृत्ति मुंबईस निघाली. रोमन पाठांत जेथें पोर्तुगीज शब्द येतो तेथें देवनागरी पोथींत पुष्कळदां संस्कृत शब्द आढळतो. मूळ छापील प्रत हातीं नसतां या दोहोंपैकीं स्टीफन्सचा शब्द कोणता, हें प्रत्येक ठिकाणीं निश्चयानें सांगणें कठीण आहे. म्हणून एखाद्या सुट्या शब्दावर मोठा सिद्धान्त उभारणें धोक्याचें होय. ग्रंथाची एकंदर रचना व दोन्ही पाठांस समान अशी परिभाषा यांवरच भिस्त ठेविली पाहिजे.

(१)

ग्रंथकार व श्रोता हे दोघेहि कोण होते हें ध्यानांत घेतल्यावांचून या पुराणाचा सूर कळत नाहीं. स्टीफन्सचा जन्म १५४९ त इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत झाला. १५७५ त रोम येथें तो येशूसंघांत दाखल झाला, आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. पुढील चाळीस वर्षें, म्हणजे १६१९ त मृत्यु येईपर्यंत, त्याचें आयुष्य बहुतांशीं साष्टींत गेलें. ज्या इंग्लंडांतून तो निघाला तेथें त्याच्या धर्माचीच गळचेपी चालू होती. त्याचा स्नेही टॉमस पाउंड हा स्वधर्मासाठीं दीर्घकाळ बंदिवासांत होता. आणि ज्या साष्टींत तो आला तेथें त्याच्याच धर्माच्या सत्तेनें १५६७ त देवळें पाडलीं होतीं. १५८३ च्या जुलैमध्यें कुंकळ्ळीस पांच येशूसंघी पाद्री मारले गेले, व त्याचा सूड म्हणून गांवकऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. गोव्यांत धर्मन्यायसभा १५६० पासूनच बसली होती.

अशा भूमींत हें पुराण जन्मलें. ग्रंथाच्या आरंभीं जो प्रसंग घातला आहे तो अर्थपूर्ण आहे. साष्टींतील एका ख्रिस्तमंदिरांत धर्मशिक्षण चाललें असतां तेथील एक ब्राह्मण विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें आपण आमच्यापासून काढून घेतलीं, मग त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं नको काय? प्रसंग घडलेला असो वा रचलेला, त्यांतील गरज खरी होती. म्हणजे या पुराणाचा श्रोता बाप्तिस्मा होऊन चुकलेला, पण श्रवणाची भूक न शमलेला असा मनुष्य आहे. म्हणूनच एत्येन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्याच्या १६२९ पासून छापल्या गेलेल्या पीटरविषयक पुराणांत हिंदु देवतांवर जो उघड हल्ला आहे, तशा खंडनाचा भर स्टीफन्सच्या ग्रंथांत नाहीं. तो वादी म्हणून उभा राहत नाहीं. पुराणिक म्हणून बसतो.

(२)

आतां पापाविषयीं. ख्रिस्ती मताप्रमाणें पापास आरंभ आहे. पहिल्या मनुष्यानें आज्ञाभंग केला आणि त्याचा दोष त्याच्या सर्व वंशास लागला. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत या विचाराचें मूळ आहे; पांचव्या शतकाच्या आरंभीं पेलेजियसशीं झालेल्या वादांत ऑगस्टिननें त्याला शास्त्राचें रूप दिलें; ४१८ च्या कार्थेजच्या धर्मपरिषदेनें त्याचा पुरस्कार केला; आणि ट्रेंटच्या परिषदेनें १५४६ त त्याची फिरून व्याख्या केली. स्टीफन्स हा ट्रेंटनंतरच्या पहिल्या पिढीचा विद्यार्थी. त्याच्या ग्रंथाचे दोन भाग, पहिलें पुराण व दुसरें पुराण, यांची विभागणी याच सिद्धान्तावर आहे. पहिल्यांत सृष्टीपासून संदेष्ट्यांपर्यंतची कथा, म्हणजे रोगाचें वर्णन व वैद्याची प्रतीक्षा; दुसऱ्यांत वैद्याचें आगमन. पहिलें पुराण वगळून दुसरें वाचलें तर औषध कशावर हेंच कळणार नाहीं.

येथें मराठी श्रोत्यापुढें अडचण उभी राहते. कर्मसिद्धान्तांत करणारा व भोगणारा एकच असतो, आणि कर्माच्या सांखळीला पहिला दुवा नसतो. एकानें केलेलें दुसऱ्यानें जन्मतःच भोगावें, ही गोष्ट शास्त्रदृष्ट्या त्या सिद्धान्तास मान्य नाहीं. पण शास्त्र व लोकव्यवहार यांत अंतर असतें. पितृऋण, कुळाचा शाप, पूर्वजांचा दोष या कल्पना आपल्या समाजांत खोल रुजलेल्या आहेत. एकाच्या पुण्याईनें बेचाळीस कुळें उद्धरतात असें आपण सहज बोलून जातों; आणि ज्या भाषेंत एकाच्या पुण्यानें कुळ तरतें, त्या भाषेंत एकाच्या पापानें कुळ बुडतें हें कळावयास वेळ लागत नाहीं. आदामाची कथा साष्टींतल्या कुळवाड्याला समजली असेल ती कर्माच्या वाटेनें नव्हे, कुळाच्या वाटेनें.

खरी अडचण आहे ती 'पाप' या शब्दाची. आपल्याकडे पाप मोजतां येतें. त्याच्या दुसऱ्या पारड्यांत पुण्य असतें, आणि एकाची भर दुसऱ्यानें होते. जन्मजात पापाची ख्रिस्ती कल्पना मोजमापाची नाहीं. ती एक अवस्था आहे, ईश्वरापासून तुटलेपणाची. तिच्या विरुद्ध पुण्य नसून कृपा आहे. पुण्य कितीहि सांचविलें तरी ती अवस्था फिटत नाहीं. हा भेद 'पाप' या एका शब्दांत मावत नाहीं. पुन्हां आपल्याकडे पाप धुवून निघतें. त्यासाठीं तीर्थें आहेत. बाप्तिस्म्यांतहि पाणीच असल्यामुळें त्याचा अर्थ समजण्यास तीर्थस्नानाचा आधार मिळाला. पण त्याबरोबरच गैरसमजाचा धोकाहि आला. कारण तीर्थास मनुष्य पुनःपुन्हां जातो, बाप्तिस्मा जन्मांत एकदांच होतो. त्यानंतर घडलेल्या पापासाठीं पापनिवेदनाचा वेगळा संस्कार आहे, आणि त्यांत पाण्याहून पश्चात्तापाला महत्त्व आहे. ही उणीव स्टीफन्स व्याख्येनें भरून काढीत नाहीं, कथेनें भरून काढतो. पीटर नाकारतो आणि रडतो, यूदा विकतो आणि निराश होतो. दोघांचें पाप जवळ जवळ सारखें, शेवट मात्र भिन्न. शब्दानें न सांगतां येणारी गोष्ट अशा जोडकथांतून श्रोत्यापर्यंत पोंचते.

(३)

न्यायाच्या बाबतींत भाषेनें ग्रंथकाराला हात दिला. रोमन धर्मपीठाच्या शिकवणीप्रमाणें न्याय दोनदां होतो: मरणानंतर प्रत्येकाचा, आणि जगाच्या अंतीं सर्वांचा. अंतिम न्यायाचें चित्र मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायांत आहे. तेथें न्यायाधीश विचारतो तें साधें आहे: भुकेल्याला जेवूं घातलें काय, तान्हेल्याला पाणी दिलें काय, परक्याला घरांत घेतलें काय, उघड्याला वस्त्र दिलें काय, आजाऱ्याची व बंदिवानाची विचारपूस केली काय? दानधर्म व अतिथिसेवा यांच्या संस्कारांत वाढलेल्या श्रोत्यास यांत अपरिचित असें कांहींच नव्हतें.

न्यायसभेची कल्पनाहि परकी नव्हती. यमधर्म व त्याच्यापुढें वही उघडून बसलेला चित्रगुप्त घरोघर ठाऊक होते. गोव्याच्या ख्रिस्ती बोलींत नरकाला अद्यापहि 'यमकोंड' म्हणतात. पण येथेंच दोन भेद ध्यानांत घेतले पाहिजेत. पहिला काळाचा. गरुडपुराणांतले नरक कितीहि भयंकर असले तरी त्यांना अंत आहे; भोग संपला कीं जीव पुन्हां जन्मास येतो. ख्रिस्ती नरकाला अंत नाहीं, आणि जन्म एकच आहे. चौऱ्यांशीं लक्ष योनींची मुदत असणाऱ्या श्रोत्याला एकाच आयुष्याची मुदत सांगणें म्हणजे केवढा पालट! प्रत्येक दिवसाचें वजन त्यायोगें वाढतें. मात्र परिशोधनस्थानाची जी रोमन शिकवण १५६३ त ट्रेंटनें पुन्हां सांगितली, ती या श्रोत्याला सर्वांत जवळची वाटली असावी. तेथील यातनांना मुदत आहे, आणि जिवंत आप्तांच्या प्रार्थनेनें त्या हलक्या होतात. ज्यांचें श्राद्ध सुटलें त्यांना २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस मिळाला. दोहोंमागील शास्त्र निराळें आहे, पण मेलेल्या आईबापांसाठीं आपल्या हातून कांहीं होऊं शकतें, हा दिलासा एकच आहे.

दुसरा भेद अधिक खोल आहे. आपल्या भक्तिपरंपरेंत न्याय करणारा एक व तारणारा दुसरा. भागवतांतील अजामिळाच्या कथेंत यमदूत पाश टाकतात आणि विष्णुदूत तो तोडतात. देव भक्ताला न्यायाधीशाच्या हातून सोडवून आणतो. ख्रिस्ती कल्पनेंत तसें नाहीं. जो अंतीं न्यायासनावर बसणार तोच क्रुसावर चढलेला आहे. न्यायाला बगल देऊन दया होत नाहीं. न्यायाधीश स्वतः दंड भरतो. 'यमकोंड' हा शब्द घेतांना यम बाहेर राहतो तो याच कारणानें. त्याच्यासाठीं या कथेंत जागाच नाहीं. शब्द घेतला, पण त्यामागची व्यवस्था घेतली नाहीं, हें स्टीफन्सच्या पद्धतीचें उत्तम उदाहरण होय.

(४)

तारणाच्या विवेचनांत ग्रंथकाराची शब्दनिवड मार्मिक आहे. ख्रिस्ताच्या मरणानें तारण कसें होतें, याविषयीं ख्रिस्ती विचारांत अनेक उपपत्ती आहेत. बंदिवानासाठीं भरलेली खंडणी ही एक, आणि इ. स. १०९८ च्या सुमारास अन्सेल्मनें मांडलेली ऋणाची ही दुसरी: मनुष्याचें देणें मनुष्यानेंच फेडावयाचें, पण तें फेडण्याची ऐपत केवळ देवाची, म्हणून देव मनुष्य झाला. सावकारी व खतेंपत्रें यांच्याशीं पिढ्यान् पिढ्या संबंध आलेल्या आपल्या समाजाला ही उपमा उलगडून सांगावी लागत नाहीं. ज्याचें स्वतःचें देणें नाहीं तो दुसऱ्यासाठीं जामीन राहतो आणि बुडतो, हें येथें कोणीहि पाहिलेलें असतें. पुढील काळांत मराठी बायबलांत 'तारण' हा शब्द रूढ झाला. कर्जासाठीं ठेवलेल्या वस्तूलाहि आपण तारणच म्हणतों. हा योगायोग असला तरी अर्थाला पोषक आहे.

तारणानंतरच्या स्थितीसाठीं स्टीफन्स 'वैकुंठ' हा शब्द वापरतो. हिंदूंना आपलेंसें वाटावें म्हणून घेतलेला शब्द, इतकेंच बहुधा याविषयीं म्हटलें जातें. आमच्या मतें निवड याहून सूक्ष्म आहे. आपल्याकडे मुक्ति चार प्रकारची मानिली आहे: सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता. ख्रिस्ती स्वर्गांत जीव ईश्वराच्या लोकीं व समीप राहतो, त्याचें दर्शन घेतो, पण त्याच्यांत विरून जात नाहीं. वेदान्ताचा मोक्ष येथें चालत नाहीं. इंद्राचा स्वर्ग तर पुण्य सरतांच सुटतो. देवाच्या सन्निध भक्त म्हणून अखंड राहण्याचें ठिकाण या भाषेंत वैकुंठच होतें. तरीहि एक गोष्ट त्या शब्दांत बसत नाहीं, ती म्हणजे देहाचें पुनरुत्थान. वैकुंठास जाणारा देह टाकून जातो. ख्रिस्ती मताप्रमाणें अंतीं देहहि उठणार आहे. दहन सोडून दफन स्वीकारलेल्या समाजाला ही गोष्ट ग्रंथापेक्षां स्मशानानेंच शिकविली असेल.

दुसऱ्या बाजूस, 'स्पिरिता सांतु' यासारखे शब्द ग्रंथकारानें भाषांतरित केले नाहींत. जेथें आपला शब्द चुकीचा अर्थ घेऊन येईल तेथें परका शब्द ठेवावा, हें धोरण त्यांत दिसतें. जेथें आपला शब्द अर्ध्या वाटेपर्यंत नेतो तेथें तो घ्यावा व उरलेली वाट कथेनें चालवावी, हें त्याचें दुसरें अंग. श्रीरामपुरास विल्यम केरीच्या देखरेखीखालीं १८११ त छापलेल्या मराठी नव्या करारापासून पंडिता रमाबाईंच्या भाषांतरापर्यंत मराठी ख्रिस्ती लेखकांना याच प्रश्नानें घेरलें. हिंदु तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द टाळण्याकडे रमाबाईंचा कल. तर तुकारामाच्या वाटेनें आपण ख्रिस्ताकडे आलों असें सांगणाऱ्या ना. वा. टिळकांचा कल उलट. टिळकांनीं आरंभिलेलें व लक्ष्मीबाईंनीं पूर्ण केलेलें ख्रिस्तायन १९३८ त निघालें. तीन शतकांनंतरहि ओवीच ख्रिस्तकथेचें वाहन राहिली, हें स्टीफन्सच्या मार्गाचें समर्थन म्हणावें लागेल.

(५)

आतां ज्या प्रश्नाचा आरंभीं उल्लेख केला त्याकडे वळूं. साष्टींतील नवख्रिस्ती श्रोता हें पुराण ऐकून घरीं गेला, तर त्याच्या मनांत कोणता विचार आला असेल? त्याचे आजे-पणजे बाप्तिस्म्यावांचून मेले. त्यांचें काय? १४४२ त फ्लॉरेन्सच्या परिषदेनें धर्ममंडळाबाहेर तारण नाहीं असें कठोर शब्दांत सांगितलें होतें. फ्रान्सिस झेवियरनें जपानहून परतल्यावर १५५२ च्या जानेवारींत कोचीनहून लिहिलेल्या पत्रांत तेथील नवख्रिस्ती आपल्या पूर्वजांसाठीं कसे शोक करीत हें नमूद केलें आहे. त्यांना नरकांतून सोडविण्याचा उपाय नाहीं हें ऐकून ते रडत, आणि त्यांचें रडणें पाहून झेवियरलाहि वाईट वाटे. तोच शिकवण देणारा वर्ग, तोच काळ; साष्टींतील घरांत हा शोक नव्हता असें मानण्यास आधार नाहीं. ज्या भाषेंत बेचाळीस कुळें एकदम तरतात त्या भाषेंत एकट्यानें तरणें हें सुख अर्धेंच होय.

या शोकाला पुराणाच्या रचनेंतच एक फट आहे असें आम्हांस वाटतें. पहिल्या पुराणांतील अब्राहाम, मोशे, दावीद यांपैकीं कोणाचाच बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी ते तारलेल्यांत आहेत. ख्रिस्त मृतलोकीं उतरून पूर्वजांना घेऊन आला, असें श्रद्धासूत्र सांगतें. ज्यांना वैद्य येण्यापूर्वीं मरण आलें त्यांच्यासाठीं वैद्य स्वतः खालीं गेला, तर वैद्य ज्यांच्या गांवीं पोंचलाच नाहीं त्यांचें काय, हा प्रश्न चतुर श्रोत्याला सुचलाच पाहिजे. यूरोपांतहि तो सुचला होता. सालामांकाच्या फ्रान्सिस्को द व्हितोरियानें १५३९ च्या व्याख्यानांत अमेरिकेतील मूळ रहिवाशांविषयीं बोलतांना, ज्यांनीं शुभवर्तमान ऐकलेंच नाहीं त्यांना अविश्वासाचें पाप लागत नाहीं, असें प्रतिपादिलें. पण धर्मपीठाच्या अधिकृत वाणींत हा विचार स्पष्ट होण्यास १९६४ साल उजाडावें लागलें. त्या सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें, स्वतःच्या दोषावांचून ज्यांना शुभवर्तमान कळलें नाहीं पण जे प्रामाणिकपणें ईश्वराचा शोध घेतात व सदसद्विवेकबुद्धीप्रमाणें वागतात, त्यांनाहि तारण मिळूं शकतें असें मान्य केलें. साष्टींतल्या त्या श्रोत्याला हें उत्तर साडेतीनशें वर्षें उशिरां मिळालें.

इतिहासाच्या दृष्टीनें आणखी एक विसंगति नोंदविली पाहिजे. हृदय पाहून न्याय करणें हें केवळ ईश्वराचें काम, असें सांगणारा हा ग्रंथ ज्या काळांत छापला गेला त्या काळीं छापील ग्रंथाला धर्मन्यायसभेची परवानगी लागे. आणि ती सभा मनुष्याच्या हृदयाचा न्याय येथेंच, तुरुंगांत बसून, करीत होती. ती कायमची बंद व्हावयास १८१२ साल लागलें. यावरून स्टीफन्सला दोषी धरण्याचें कारण नाहीं. पण त्याचा ग्रंथ निव्वळ प्रेमाचा संवाद म्हणून वाचणें हाहि भाबडेपणा होईल. ज्यांचीं पुराणें गेलीं त्यांना पुराण देणारा हात व पुराणें काढून घेणारा हात एकाच सत्तेच्या आश्रयाखालीं होते. १६८४ त विसरेईनें स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलें, तेव्हां तर स्टीफन्सनें जोपासलेल्या वाणीवरच घाला आला.

एकंदर निर्णय असा. पापाच्या विवेचनांत मराठी शब्द ग्रंथकाराला अपुरा पडला व कथेनें ती उणीव बऱ्याच अंशीं भरून निघाली. न्यायाच्या विवेचनांत जुनी परिभाषा नव्या अर्थानें वाकविण्यांत त्याला यश आलें. तारणाच्या विवेचनांत तर 'वैकुंठ' या एका शब्दानें त्यानें दोन्ही परंपरांचें जें मर्मज्ञान दाखविलें तें अनेक विद्वान टीकाकारांनाहि साधलेलें नाहीं. रोमन व देवनागरी पाठ समोरासमोर ठेवून सिद्धान्तविषयक शब्दांची संपूर्ण सूचि तयार झाली, तर यांतील कांहीं अनुमानें पक्कीं होतील व कांहीं सोडावीं लागतील. तें काम एखाद्या तरुण अभ्यासकानें हातीं घ्यावें. तोपर्यंत, भाषेची स्तुति करणाऱ्या त्या चार ओव्यांपलीकडे जाऊन वाचकांनीं हा ग्रंथ त्याच्या मूळ प्रश्नासाठीं वाचावा, एवढीच विनंति.